पिशवीतच राहिलेली बाटली

अन्याय झाला तो पुरुषोत्तम गावस यांच्यावर. संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, आमच्या पंचायतीच्या सभागृहात, ग्रामसभा सुरू झाल्यावर आणि चहा फिरायच्या आधी. हे मी सगळ्यात आधी लिहून टाकते. गेलेला माणूस किती हसतमुख होता इथून सुरुवात करायची पद्धत आहे, आणि आमचे पुरसोकाका हसतमुख नव्हते. जत्रेच्या नाटकांत ते आयुष्यभर खलनायक झाले. त्यांनी मिशीला पीळ दिला की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरायची. त्या माणसावर त्या रविवारी भरलेलं सभागृह हसलं. त्यांच्या हातात गाडीच्या रेडिएटरचा कापलेला तुकडा होता आणि पायाशी, कापडी पिशवीत, एक बाटली होती. ती बाटली त्यांना बाहेर काढताच आली नाही. शिगमा तोंडावर आला असताना ते गेले, आणि बाटली अजून ग्रामसभेपुढं निघायची आहे.

बातमी आली तेव्हा मी पेडण्याच्या बाजारात छापखान्यात उभी होते. पत्रकांची शाई ओली होती, म्हणून एकेक कागद वेगळा करून वाळत घालत होते. सुमनकाकीचा फोन आला. त्या रडत नव्हत्या, वैतागलेल्या वाटल्या. "बाय, तुझो काका उठना गो. चहा निवलो." दुपारी जेवून आडवे झाले ते झालेच. डॉक्टर म्हणाले हृदय. मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे, मला लोक तोंडावर भडक म्हणतात, पण गढूळ पाण्यानं काकांचा बळी घेतला असं मी लिहिणार नाही. ते हृदयानं गेले. त्यांच्यावर झालेला अन्याय वेगळा आहे आणि तो तेवढाच सांगितला तरी पुरेसा मोठा आहे.

पुरसोकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आमचा वाडा, म्हणजे वस्ती, डिचोली तालुक्यात, खाणीच्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी. देवळामागं एक झर आहे. देवाच्या अभिषेकाचं पाणी तिथलं, बाळंतिणीला पहिल्यांदा पाजायचं पाणी तिथलं, आणि काकांच्या गाडीचं पाणीसुद्धा तिथलंच. हे शेवटचं वाचून बाहेरच्या माणसाला गंमत वाटेल. काकांकडे एक जुनी पांढरी गाडी होती, इतकी जुनी की तिचे भाग मिळवायला बेळगावपर्यंत निरोप पाठवावे लागत. खंडेनवमीला सगळे आपापल्या गाड्या धुतात, बॉनेटवर झेंडूची माळ घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. काका त्यापुढं एक पाऊल जायचे. आदल्या दिवशी रेडिएटरमधलं सगळं पाणी सोडून द्यायचे आणि नवमीला आंघोळ करून, सोवळ्यानं, पितळेच्या कळशीतून झरीचं नवं पाणी आत ओतायचे. तोंडानं मंत्र. गॅरेजवाल्यानं इंजिन थंड ठेवायला पाण्याऐवजी घातलेला हिरवा कूलंट त्यांनी एकदा असाच गटारात सोडून दिला होता. म्हणाले, "गाडीक कसलो काढो पाजता तो? आजारी आसा काय ती?" साध्या पाण्यानं इंजिन आतून गंजतं, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. ज्या पाण्यानं देव न्हातो त्यानं गाडी कशी बिघडेल, हा त्यांचा प्रश्न असायचा आणि तो विचारताना त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा लागायचा.

आता तुम्हाला कळेल की माझं आणि त्यांचं का जमत नव्हतं. डोंगरावर खाण पुन्हा सुरू झाल्यापासून पावसात झर लाल वाहते, हे मी पत्रकात लिहिलं. वाड्यावर घरोघर वाटलं. काकांनी ते पत्रक माझ्यादेखत चुरगाळलं आणि गाडीची पुढची काच पुसली. "बरां आसा तुजां पत्रक. काचेर डाग रवना." मी म्हटलं, काका, पाणी गढूळ आहे, डोळ्यांना दिसतंय. तेव्हा ते खरोखर भडकले. पावसात सगळं पाणी गढूळ होतं, पण झर ती झर, तिला नाव ठेवायचं नाही, तुझ्या पणजीनं तिथं दिवा लावलाय. त्यांच्या लेखी मी खाणीविरुद्ध बोलत नव्हतेच, मी झरीची निंदा करत होते. चळवळीतल्या माणसाला विरोधक परवडतो. पण ज्या गोष्टीसाठी आपण भांडतोय तिच्याच प्रेमापोटी आपल्याला आडवा येणारा माणूस... त्याच्याशी कसं भांडायचं हे कुठल्या शिबिरात शिकवत नाहीत.

तरीही आम्ही एका गोष्टीसाठी एकत्र होतो. नाटकात मी प्रॉम्प्टर. काकांना वाक्यं पाठ असायची, पण भरात आले की मधलंच एक विसरायचे. मग विंगेतून मी पहिला शब्द द्यायची आणि ते मान न वळवता तो उचलायचे, जणू मुद्दामच थांबले होते. तर संक्रांतीच्या आधी इब्रामपूरच्या जत्रेला आमचं नाटक होतं. मेकअपला तिथं जागा नसते म्हणून काका घरूनच रंगून निघाले. मिशी, कपाळावर आडवं गंध, कानांत बाळ्या. मागं मी, माझ्या मांडीवर मुकुट, बाजूला तबलजी विठूदादा आणि तबले. ऊन उतरत होतं. गावाच्या अलीकडच्या चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जायला लागला. काका म्हणाले, "चढ आसा, उतारार बसतलो." उतारावर तो बसला नाही. बॉनेटच्या फटीतून वाफ आली.

काकांनी गाडी बाजूला घेतली. विठूदादा उतरून थेट बॉनेट उघडून रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाले, तेव्हा काका ओरडले, "हात लाव नाका! तोंड भाजून घेतलंस तर तबलो कोण वाजयतलो, तुजो बापूस?" तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी कारंज्यासारखं अंगावर येतं, हे त्यांना ठाऊक होतं. आम्ही थांबलो. गाडी निवली, पाणी घातलं, पुन्हा निघालो, आणि पुन्हा काटा चढला. तेव्हा काकांनी एक बटण ओढलं जे त्या गाडीत कुणी कधी ओढलं नव्हतं. हीटर. इंजिनाची गरमी आत, आपल्या अंगावर घ्यायची, म्हणजे तेवढी तरी इंजिनाची सुटते. गोव्यात गाडीचा हीटर कुणी लावला असेल तर तो आम्हीच. खिडक्या सताड उघड्या, आत भट्टी, काकांच्या गालावरून रंग ओघळतोय, अर्धी मिशी हनुवटीवर आलीय. वाटेत सायकलवरून येणारा पदेर आम्हाला बघून पावांच्या पाटीसकट थांबला. विठूदादा म्हणाले, "पुरसो, आज तुका रंगपटात जावंची गरज ना. भाजून तयार." काका हसले नाहीत. ते काट्याकडे बघत होते. नाटक झालं, चांगलं झालं. पण परतल्यावर अंगणात गाडी लावून काका बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा.

बसूचं गॅरेज दोडामार्गच्या वाटेवर. बसू मूळचा बेळगावकडचा, लग्न करून इथं राहिलेला, बोलणं अजून तिकडचं. तो आमच्याकडे आला कारण काका तापणारी गाडी रस्त्यावर काढायला तयार नव्हते. पुढचे काही दिवस मी हे सगळं जवळून बघितलं आणि मला ते आवडलं, कारण बसू कुणावर आधी आरोप ठेवत नव्हता. एकेकाला सोडत होता. पाणी गळतंय का? गळत नव्हतं, पाइप कोरडे. झाकणाचं रबर? ठीक. पंख्याचा पट्टा? दाबून बघितला, घट्ट. मग त्यानं थर्मोस्टॅट काढला. ही एक छोटी झडप, इंजिन तापलं की उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे वाट देते. ती उघडतेय का हे बघायचं तर उकळत्या पाण्यात टाकायची. बसूनं भांडं मागितलं, काकांनी स्वयंपाकघरातून पहिलं हाताला आलं ते आणलं. सुमनकाकी बाहेर आल्या तेव्हा चुलीवर त्यांच्या चहाच्या टोपात ग्रीस लागलेली झडप तरंगत होती.

"ह्यां काय उकडतास?"

"गाडीचो थर्मोस्टॅट," काका म्हणाले.

"मगे आता चहा गाडीत करून आणा. कपबशे देतंय."

झडप मात्र छान उघडली. म्हणजे दोष तिचा नाही. काकांना उगाच बरं वाटलं, घरातलं कुणी चोरीच्या आळातून सुटावं तसं. बसूनं मग झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते बघत राहिला. आले असते तर इंजिनाचं गॅस्केट गेलेलं, म्हणजे मोठं काम. बुडबुडे आले नाहीत. पंप पाणी ढकलत होता. शेवटी झाकण लावून गाडी तापू दिली, बंद केली, पंखा पूर्ण थांबल्यावर आधी आपला हात फिरवला आणि मग काकांचा मनगटाला धरून रेडिएटरच्या जाळीजवळ नेला. "बघा की ओ काका. वर कसं लागतंय?"

"भाजता."

"आता खाली आणा. मधी. काय?"

काकांनी हात खाली आणला. थोडा वेळ तसाच ठेवला. "थंड."

"मग? गरम पाणी वर येतंय, खाली पोचतच नाही बघा. आतली नळी चोंदलीया."

गाडी निवल्यावर त्यानं खालचा नट सोडला. आधी थेंब, मग लाल रबडी. अंगणातल्या पांढऱ्या फरशीवर ती सावकाश पसरत गेली. मी गप्प राहिले अशा जागा माझ्या आयुष्यात कमी आहेत, ही त्यातली एक. काका म्हणाले, "गंज. गाडी जुनी." बसूनं चिमटीत घेऊन चोळलं, काकांच्या बोटांना लावलं. "थोडा गंज असंल की. पण एवढा गंज असता तर इंजिन भोकं पडून गेलं असतं. ही माती हाय, लोण्यागत माती. कुठलं पाणी घालताय?"

"झरीचां. देवाचां पाणी तां."

"देवाचं असंल ओ," बसू म्हणाला, "पण वरच्या डोंगरावरनंच येतंय न्हवं?"

काका घरात निघून गेले. बसूला चहासुद्धा विचारला नाही, तो सुमनकाकींनी दिला, दुसऱ्या टोपातला.

मला वाटलं होतं ते बसूलाच बदलतील. गाडी अंगणात तोंड उघडून पडली आणि काका नाहीसे झाल्यासारखे झाले. मग एका सकाळी आमच्या पडवीत आले, हातात काचेची बाटली, आधी तिच्यात आंब्याचं लोणचं असायचं ती. तोंडापर्यंत पाणी भरलेलं. खाली बोटभर जाडीचा लाल थर, वर पाणी नितळ. त्यांनी ती खांबाजवळ उन्हात ठेवली आणि बसले. बसू खोटं बोलतोय हे सिद्ध करायला त्यांनी झरीचं पाणी थेट बाटलीत भरून खिडकीत ठेवलं होतं. गाडीत न गेलेलं पाणी. त्यात गंजाचा प्रश्न नाही. पहिल्या बाटलीवर विश्वास बसला नाही म्हणून धुऊन दुसऱ्यांदा भरली. पाऊस संपून कितीतरी काळ लोटला होता, तरी थर तसाच. "माका वाटला..." ते म्हणाले आणि थांबले. मी विंगेत असते तर पहिला शब्द दिला असता, पण हे वाक्य मला पाठ नव्हतं. मग बाटलीकडे बघत म्हणाले, "मी तिका रोज नमस्कार करतंय गो. आणि तिका काय झालां तां माका गाडयेन सांगचां पडलां."

नंतर नेहमीच्या आवाजात: "तुजां तां पत्रक एक दी. वाचतलंय असां म्हणना. चष्मो खंय आसा माका खबर ना."

बसूनं रेडिएटरचा जुना गाभा काढून नवा बसवला. कूलंट घातला, हिरवा, आणि काकांनी तो घालू दिला, तोंड फिरवून. जुन्या गाभ्यातून बसूनं करवतीनं एक तुकडा कापून दिला. आतल्या नळ्या लाल मातीनं गच्च, एखाद्या नळीत सुईसुद्धा जाणार नाही. काका म्हणाले, ग्रामसभेत मी बोलणार. तू बोलू नको, तू बोललीस की लोक म्हणतात परत ही सुरू झाली. मी बोललो तर ऐकतील. त्यांनी दोन दिवस आरशासमोर तालीम केली. आधी तुकडा दाखवायचा. कुणीतरी म्हणणारच की जुन्या गाडीचा गंज आहे. मग बाटली काढायची आणि म्हणायचं, हे पाणी गाडीत गेलंच नाही. बाटली शेवटी, कारण टाळी शेवटी. मागणी एकच, झरीचं पाणी तपासा आणि काय निघतं ते पंचायतीच्या फळ्यावर लावा.

रविवारी सभेत त्यांनी तुकडा वर धरला. अंदाज अगदी बरोबर होता, पंचायतीच्या एका पंचानं लगेच म्हटलं की काका, जुनी गाडी, गंज धरणारच. पण तो तिथं थांबला नाही. "गाडी म्हातारी झाली, धनीही म्हातारो झालो. दोघांकय गॅरेजीत धाडूया." सभागृह हसलं. मोठ्यानं, लांबवत लांबवत, काही जण खुर्चीत मागं रेलून. काकांचं तोंड उघडं होतं. मला दिसत होतं की ते पुढचं वाक्य शोधतायत. मी मागच्या भिंतीला उभी होते, मी म्हटलं, "बाटली... काका, बाटली." सवयीनं हळूच म्हटलं, विंगेतून म्हणतात तसं. हसण्यात ते पोचलं नाही. मग मी ओरडले, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, मध्ये बोलू नका, आणि पुढचा विषय घेतला, दिव्यांच्या खांबांचा. काका खाली बसले. चहा आला, त्यांनी घेतला नाही.

हसणाऱ्यांची नावं मी लिहीत नाही. मला ती ठाऊक आहेत. त्यातल्या निम्म्या घरांचे ट्रक खाणीवर चालतात, कुणाचा भाऊ तिथं कामाला आहे, आणि मला कळतं की ते हसणं पोटातून आलेलं नव्हतं, भीतीतून आलेलं होतं. बाटली बाहेर आली असती तर हसता आलं नसतं, काहीतरी ठरवावं लागलं असतं. मला हे कळतं, आणि तरी मी ते माफ करायला तयार नाही. हेच लोक संध्याकाळी कळशा घेऊन त्याच झरीवर जातात.

परतताना काका काट्याकडे बघत गाडी चालवत होते. काटा अगदी मधोमध होता, कूलंटचा गुण. देवळाशी आल्यावर म्हणाले, "इतकीं वर्सां खलनायक केलो. लोकांनी शिव्यो घातल्यो, एकट्यान तर चप्पल मारली. पण हसलां कोण ना गो." मी म्हटलं, पुढच्या ग्रामसभेत पुन्हा. ते म्हणाले, "हय. पुढल्या खेपेक बाटली आधी."

पुढली खेप त्यांना मिळाली नाही.

परवा मी सुमनकाकींकडे गेले. गाडी अंगणात आहे. त्या ती विकणार नाहीत, आठवड्यातून एकदा विठूदादा येऊन चालू करतात आणि काट्याकडे बघतात. पितळेची कळशी तुळशीकडे पालथी पडलीय. बाटली खिडकीत आहे, त्याच कापडी पिशवीच्या बाजूला. काकी तिच्यावरची धूळ पुसतात, पण हलवत नाहीत. मी उचलायला गेले तर म्हणाल्या, "रव गो. तळ बसलोसा, ढवळूं नाका. तांकां सभेत दाखवंचो आसा मगे."

तर आता तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते मी लांबवणार नाही. तुमच्या गावात झर असेल, विहीर असेल, तर उद्या सकाळी एक काचेची बाटली भरा आणि खिडकीत ठेवा. दुसऱ्या दिवशी बघा. तळाशी काही बसलं नसेल तर आनंदच आहे. बसलं असेल तर पुढच्या ग्रामसभेला ती बाटली घेऊन या. पिशवीत ठेवू नका. बोलायच्या आधी टेबलावर ठेवा, अध्यक्षांच्या समोर, आणि पाणी तपासायचा ठराव लिहिला जाईपर्यंत खुर्चीतून उठू नका. आणि कुणी म्हातारा हातात काहीतरी धरून उभा राहिला, आणि मधेच अडला, तर हसू नका. त्याला पुढचा शब्द द्या. मोठ्यानं.